पाणी तोडलेला वाफा

"मॅडम, तुमच्या मटकीनं नाव काढलं हो!" आमच्या संशोधन केंद्राचे सर वाफ्यात उकिडवे बसून म्हणाले. उगवणीनंतर पाणी तोडलेल्या त्या वाफ्यात सगळी रोपं वाळली होती. कोपऱ्यातलं एकच हिरवं होतं, शेंगांनी लगडलेलं. पाण्यावाचून तगणारं वाण शोधता शोधता माझं लग्न झालं, लेक झाली, ती बोलायलाही लागली. आता कुठे ते हाती आलं होतं.

पाळणाघर बंद पडल्यापासून लेक रोज माझ्यासोबत शेतावर येते. उन्हाची मला धास्ती, म्हणून मी तिला पाण्याची बाटली भरून देते. घरी जाताना ती रिकामी दिसली की बरं वाटतं.

सर बियाण्याचं बोलत असतानाच ती बांधावरून आली आणि बाटलीतलं पाणी त्या हिरव्या रोपाच्या बुडाशी ओतू लागली.

"अगं, काय करतेस?"

"माझं बाळ आहे ते. रोजच पाजते मी त्याला."

"आणि बाकीची?" सरांनी कसंबसं विचारलं.

"बाटली लहान आहे ना."

सर उठून निघून गेले. ते रोप उपटायला मी वाकले, तेव्हा लेकीचा चेहरा जवळून दिसला. तिचे ओठ कोरडे पडून तडकले होते.