शेवटची लादी

कुस्कोकडच्या डोंगरावरून अस्वलाचं सोंग घेतलेले नाचे दर जत्रेला बर्फाची लादी पाठीवर घालून आणायचे. गाव तो बर्फ औषध म्हणून घ्यायचं. आता बर्फ वितळून डोंगर काळाठिक्कर पडलाय. लोकांना कळावं म्हणून सिप्रियानोने नाटक बसवलं. त्यात आजोबा थर्माकोलची लादी घेऊन उतरतात, नातू मोकळ्या पाठीने.

नाटक संपताच बासिलियामावशी पातेलं घेऊन पुढे आली. “लेकीचा ताप हटत नाही रे. त्या लादीतला तुकडा दे.”

सिप्रियानो वैतागला. “मावशी, थर्माकोल आहे तो! बर्फ संपला, हेच तर तासभर बोंबलून सांगत होतो! झोपली होतीस का?”



“कळलं की रे सगळं. म्हणून तर मागतेय. आता हाच उरलाय ना?”