तिसरा प्रश्न

डी.एड.चा शेवटचा पाठ होता आणि परीक्षक सर मागच्या बाकावर येऊन बसले होते. दोन वर्षं तेच ते घोकलेले पाठ घेऊन सपना विटून गेली होती. आज तिने ठरवलं होतं, बोलतील ती मुलंच. आपण नुसतं ऐकायचं. खोडाळ्याकडच्या या पाड्यावर नागली तर घरोघरची.

"सकाळी भाकरी कशाची खाल्लीत?"

"नागलीचीऽऽ!" वर्ग दणाणला.

"तिची रोपं कुठं करता?"

"राबात!"

"मग पेरायच्या आधी तो राब पालापाचोळा टाकून भाजतात कशाला?"

एकही हात वर झाला नाही. सपनाने हसून विचारलं, चुचकारून विचारलं, शेवटी रडकुंडीला येऊन विचारलं. मुलं हाताची घडी घालून फळ्याकडे बघत राहिली.

"शेतकऱ्यांची पोरं ही, आणि तुमच्यापुढं एवढंही बोलेनात?" सर उठता उठता म्हणाले. "पाठ पुन्हा घ्यावा लागेल, मॅडम."

सर गेल्यावर ती पुढच्या बाकावरच्या रंजनावर उखडलीच. "काल तुझ्याच घरचा राब भाजला ना गं? मग आत्ता दातखीळ का बसली होती?"



रंजना बावरली. "बाई, मागं सर बसले का तिसऱ्या प्रश्नाला गप राहायचं, असं पाठ घ्यायला येणाऱ्या सगळ्या बाई सांगतात. मग त्या म्हणतात, 'चला, आज आपण हेच शिकू.' आम्ही किती वाट बघली, तुम्ही म्हणालाच नाही!"