घरात उरलेला पश्चात्ताप

शनिवार होता, म्हणून श्रीरंगने स्वतःच डबा भरला आणि हॉस्पिटलमध्ये बायकोपुढे धरला.

"वॉचमनच्या बायकोला द्यायचाय ना? आपल्या तन्मयने गंमत म्हणून त्याला ठार मारलं, तेव्हापासून एक शनिवार चुकवला नाहीस तू."

"कशाला पण?" वैजयंती म्हणाली. "तिला काय हात नाहीत?"

शेजारच्या खाटेवर तन्मय फिस्कन हसला. त्याच्याबरोबर तीही हसली.

गेल्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या मेंदूतला पश्चात्ताप काढून लेकाच्या मेंदूत बसवला होता.

"त्याच्या शरीराने तो नाकारला," डॉक्टर म्हणाले, "आणि काढलेला पुन्हा आईला बसवता येत नाही." त्यांनी संमतीचा नवा कागद श्रीरंगपुढे सरकवला. "आता घरात तुमचाच उरलाय."