कृतीतून शिक्षण

काळ्या रेघेवरून आपोआप धावणारी छोटी गाडी बनवायला शिकून येते, मग तुम्हीच ती जोडायची, असा शब्द सहावीच्या वर्गाला देऊन संगणकाच्या बाई प्रशिक्षणाला गेल्या. तिथे फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कृतीतून शिक्षण'. गाडी मात्र सगळ्यांत मिळून एकच. ती प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी जोडली, साहेबांनीच चालवली, आणि मागून माना उंचावून बघणाऱ्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

"सर, एकदा हात तरी लावू द्या की," बाईंना राहवलं नाही.

"मॅडम, आधी नीट बघा. बिघडली तर कोण निस्तरणार?"

घरात पाऊल टाकताच बाईंनी नवऱ्यापुढे सगळा राग ओकला. "काठावर उभं करून पोहायला शिकवतात मेले!"

"मग तू तरी पोरांना पाण्यात उतरव," तो हसत म्हणाला.

"उतरवणारच! बघच तू."

सोमवारी शाळेत नव्या गाडीचा खोका आला. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशी पोरं टेबलाभोवती जमली. कशी जोडायची ते दाखवावं म्हणून बाईंनी चाकं बसवली, तारा जोडल्या, आणि गाडी रेघेवरून खरंच सुळकन धावली! वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. पुढच्या बाकावरच्या मुलीने हळूच हात पुढे केला. "बाई, आता आम्ही?"


बाईंनी गाडी चटकन पोटाशी धरली. "आधी नीट बघा सगळ्यांनी. बिघडली तर कोण निस्तरणार?"