अस्सल शाडू

दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला शैलाताईंनी चौकात काचेच्या दोन टाक्या मांडल्या. एकीत स्वतः घडवलेली मूर्ती सोडली, दुसरीत दिगंबरने 'अस्सल शाडू' म्हणून विकलेली. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या या दिगंबरने 'ताई शाडू सांगून प्लॅस्टर खपवतात' अशी आवई उठवून त्यांचं गिऱ्हाईक तोडलं होतं.

संध्याकाळपर्यंत ताईंच्या मूर्तीची सोंड सुटली, खांदे ओघळले, तळाशी गाळ बसला. "विरघळली!" कोणीतरी ओरडलं.

शाळेत विज्ञान शिकवणारे गुरुजी म्हणाले, "विरघळतं ते मीठ. शाडूचे कण नुसते सुटतात आणि खाली बसतात."

"प्लॅस्टर यातलं काहीच करत नाही ना, गुरुजी?" शैलाताई म्हणाल्या. "मग तेवढंच जरा मोठ्यानं सांगा."

दुसऱ्या टाकीतली मूर्ती जशीच्या तशी होती. दिगंबर धापा टाकत आला आणि काचेपुढे हात जोडून उभा राहिला. आपलीच मूर्ती पाण्यात सुटावी म्हणून देवाला साकडं घालणारा मूर्तिकार गावाने पहिल्यांदाच पाहिला.

शैलाताईंनी त्याच्यासाठी खुर्ची मागवली. "बस निवांत," त्या म्हणाल्या, "याला महिने लागतात."