उजवा डोळा

"बापाला उठवू नको," हिरकणीने दार हलकेच ओढून घेतलं. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

निलमने दवाखान्याची फाईल पिशवीत घातली आणि आईचा हात धरून ती टमटमकडे निघाली. बाप झोपलेलाच बरा. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दोनदा त्यानेच मोडता घातला होता. एकदा भातलावणीला माणूस कमी म्हणून, एकदा "माझी भाकरी कोण थापेल?" म्हणून. तेवढ्यात काचबिंदूने हिरकणीचा डावा डोळा पुरता गेला. उजव्यालाही आता समोरचं तेवढंच दिसे, नळकांड्यातून पाहावं तसं.

झरीहून डहाणूला पोचेपर्यंत हिरकणीने तोंड उघडलं नाही. घाबरली असेल, असं निलमला वाटलं.

"मोठी चिरफाड नाही, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बारीकशी चीर पाडून इवलीशी नळी बसवायची. डोळ्यात तुंबलेल्या पाण्याला वाट मिळाली की दाब उतरतो. गेलेली नजर येणार नाही, पण आहे ती राखता येईल."

"आजच कराल ना?"

"मी महिन्यातून एकदाच येते इथे. आजच करू."

हिरकणीला आत नेलं आणि निलमचा फोन वाजला. शेजारची जानी रडत होती.

"निलम, तुझा बाप, धोंडूदादा, उठतच नाही गो. अंग लाकडासारखं झालंय."

निलम भिंतीला टेकून खाली बसली. आत्ता सांगितलं तर आई टेबलावरून उठून येईल. मग हाही डोळा जाईल. तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. मग तो काढून म्हणाली, "आम्ही येईस्तोवर थांबा."

अर्ध्या तासात हिरकणी बाहेर आली. उजव्या डोळ्यावर पट्टी. म्हणजे आज सगळाच अंधार.

"डोळा चोळायचा नाही, खाली वाकायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "आणि रडायचं तर मुळीच नाही."

परतीच्या जीपमध्ये निलम शब्द जुळवत राहिली. तलासरी गेली. झरीचा फाटा आला. पाड्यावरचा आकांत आईच्या कानी पडायच्या आत सांगायलाच हवं होतं.

"आई, बाबा..." तिचा आवाज फुटला. "तू रडू नको हं. डॉक्टरांनी..."

हिरकणीने चाचपत तिचा हात धरला.

"नाही रडत," ती म्हणाली. "पहाटेच थंड पडला होता तो. सांगितलं असतं, तर आणलं असतंस मला?"