लाल कोटातले चाळीस

"खोटं तुम्ही लिहिलं साहेब, अन् सफेदा यायच्या तोंडाले काहून?"

चंद्रभाननं ब्रश पांढऱ्या रंगाच्या डबीवर आडवा ठेवला. झाडीपट्टीच्या नाटकांत पस्तीस वर्षं त्यानं तोंडं रंगवली होती. राक्षस रंगवले, राण्या रंगवल्या. पण साहेबाला तोंडावर सुनावणारा मेकअपवाला नागपुरातल्या मनीषनगरच्या त्या नाटकाच्या मंडपानं पहिल्यांदाच पाहिला.

साहेब म्हणजे हिंगण्यातल्या एका कारखान्याचे मालक. सीताबर्डीच्या लढाईचं नाटक त्यांनीच लिहिलेलं. त्यातले भोसल्यांचे राजेही तेच. डोक्यावर पगडी, कमरेला तलवार, हातात मोबाइल.

राजाच्या फौजेसाठी सोसायट्यांमधून नावांची रीघ लागली होती. इंग्रज व्हायला मात्र कोणाचाच मुलगा तयार नव्हता. मग सुपरवायझर धर्मेंद्रनं कारखान्यातले चाळीस ठेका मजूर बसमध्ये घालून आणले. येईल त्याचा ठेका वाढेल, असा साहेबांचा निरोप होता. लग्नातल्या बँडवाल्यांचे लाल कोट घालून ते आता ओळीनं बसले होते. कोणाच्या बाह्या कोपरापर्यंतच आल्या होत्या, कोणाचं पोटावर बटण लागत नव्हतं.

"इंग्रज गोरा होता," साहेब म्हणाले. "एवढं तरी मान्य आहे ना?"

"होता ना. पण किती? अठराशे सतरात सीताबर्डीच्या टेकडीवर गोरे मोजकेच होते जी. बाकी मद्रासच्या पलटणी, बंगालचे घोडेस्वार. या पोरायच्याच रंगाचे. अन् राजाकडून जीव तोडून कोण लढलं? अरब. तेही पगारी. तुमच्या नाटकात ना मद्रासी, ना अरब."

"कुठं शिकलात हे?"

"शिकलो नाही. वाचलं."

साहेब हसले. "हे पाहा, प्रेक्षकाला पहिल्याच मिनिटाला कळलं पाहिजे, आपला कोण आणि दुश्मन कोण. यांना असंच उभं केलं तर कसं कळेल?"

"नाहीच कळत जी. तेच तर सांगून राहिलो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"ठीक आहे. नका लावू. हे चाळीसही जण आत्ता बसमध्ये बसतील. आणि उद्या कारखान्याच्या गेटवरूनच परत जातील."

चंद्रभान जागचा हलला नाही. हलला तो ओळीतला पहिला, दुर्गेश. दोनच महिन्यांपूर्वी त्यानं हिंगण्याला खोली घेतली होती, बायको आणि लेकीला गावाहून आणलं होतं. त्यानं स्टूल पुढं ओढलं आणि हनुवटी वर केली.

"लावा ना काका. मले काम पाहिजे."

चंद्रभान त्याच्याकडे पाहत राहिला. इतकी पुस्तकं वाचली, त्यात हे वाक्य नव्हतं. कोण पडलं ते होतं, कोणत्या गोऱ्या साहेबाला शाबासकी मिळाली ते होतं. शेकडो मैल चालत आलेला शिपाई दुसऱ्याच्या निशाणाखाली त्या टेकडीवर का उभा राहिला, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आता तो समोर बसला होता, डोळे मिटून.

त्यानं ब्रश उचलला.

"तुही बायको ओळखन का गा तुले?" मागून कोणीतरी ओरडलं. ओळ हसली. दुर्गेशला हसता येत नव्हतं, सफेदा ओला होता. डोळे न उघडताच त्यानं विचारलं, "साहेब, मंग ठेका पक्का ना जी?"

"आधी नीट मर," साहेब म्हणाले. "मग पाहू."

चार वाजता पडदा उघडला. ऊन सरळ तोंडावर होतं. लाल कोटातले चाळीस जण रंगमंचावर येताच समोरच्या खुर्च्यांमधून आरडाओरडा सुरू झाला. "मारा! हाकला!" लहान मुलं शिट्ट्या वाजवत होती. म्हाताऱ्यांनीही मुठी वळल्या. सफेदा घामाबरोबर ओघळून कॉलरवर उतरायला लागला.

राजा पुढं आला. त्यानं प्रश्न विचारायचा, शत्रूनं गप्प राहायचं, तोफ वाजायची, चाळीस जणांनी पडायचं. असं लिहिलेलं होतं.

"बोला!" हातातल्या माइकवर राजा गरजला. "कोणाच्या सांगण्यावरून आमच्या नागपुरावर चालून आलात?"

पडद्यामागं धर्मेंद्रनं तोफेच्या आवाजाच्या बटणावर बोट ठेवलं. पण त्याआधीच दुर्गेशनं लाल बाहीनं तोंड पुसलं. अर्धा चेहरा त्याचा स्वतःचा झाला. दोन पावलं पुढं येऊन तो राजाच्या माइकवर वाकला.

"तुमच्याच सांगण्यावरून, साहेब. आता तुम्ही बोला. उद्या गेटच्या आत घेता का नाही?"